फ्रेंच भाषकांच्या मलय लेखनातील चुका: त्या कोठून येतात आणि आधी कोणत्या सुधाराव्यात

तुमचा प्रश्न असा आहे की, क्वालालंपूरमध्ये राहणाऱ्या दोन फ्रेंच प्रौढांना तुम्ही मलय शिकवता, दोन वर्षांनंतर ते बाजारात आणि शेजाऱ्यांशी सहज बोलतात, पण त्यांनी लिहिलेला मजकूर मलय वाचकाला खटकतो. या चुका निष्काळजीपणामुळे होतात की फ्रेंचमुळे, आणि त्यांतील कोणती आधी हाती घ्यावी, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. नमुना म्हणून तुम्ही तीन वाक्ये दिली आहेत. पहिले, ‘बुकू याङ् साया मम्बाचा आदालाह मनारिक’, म्हणजे ‘मी वाचतो ते पुस्तक रंजक आहे’. दुसरे, ‘समालाम साया तलाह पर्गी दी रुमाह दारी कावान साया’, म्हणजे ‘काल मी माझ्या मित्राच्या घरी गेलो’. तिसरे, ‘किता सुदाह बालिक क परांचिस, माक चिक रिन्दू साया’. यातून विद्यार्थ्याला म्हणायचे होते की ‘आम्ही फ्रान्सला परतलो आहोत, आणि मावशी, मला तुमची आठवण येते’. मी गेली अनेक वर्षे फ्रेंच भाषकांचे मलय लेखन तपासत आलो आहे आणि ही तीनही वाक्ये मला ओळखीची वाटली. यांत निष्काळजीपणा जवळजवळ नाही.

पुढे मलय शब्द देवनागरीत लिहिताना मी एक सोय केली आहे. मलयमध्ये रोमन ‘ई’ हे एकच अक्षर दोन स्वरांसाठी वापरतात. त्यांतील अस्पष्ट स्वर मराठीतील ‘अ’ला अगदी जवळचा असल्यामुळे तो मी ‘अ’नेच दाखवतो, आणि नाकातील कंठ्य ध्वनीसाठी आपला ‘ङ’ वापरतो.

फ्रेंच माणूस मलयकडे येतो तेव्हा त्याला प्रथम जाणवते ते जे नाही ते. क्रियापदाची रूपे नाहीत, लिंग नाही, काळ नाहीत, उपपदे नाहीत. त्यामुळे ही भाषा व्याकरणाविना चालते असा समज होतो आणि तो फ्रेंच वाक्यात एकेका शब्दाच्या जागी मलय शब्द बसवू लागतो. प्रत्यक्षात फ्रेंच जी गोष्ट एका ठिकाणी सांगते ती मलय बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणी सांगते, आणि विद्यार्थ्याची नजर तेथे जात नाही. बोलताना ऐकणारा समजून घेतो, प्रसंग मदत करतो, म्हणून हे झाकले जाते. लेखनात ते उघडे पडते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तुमच्या पहिल्या वाक्यात आहे, म्हणून त्यावर मी जास्त थांबतो. फ्रेंचमध्ये संबंधी वाक्यासाठी ‘की’ आणि ‘क’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ज्या नामाविषयी आपण बोलतो ते नाम त्या उपवाक्यात कर्ता असेल तर ‘की’ येते आणि कर्म असेल तर ‘क’ येते. क्रियापद मात्र दोन्हीकडे कर्तरीच राहते. मलयमध्ये या दोन्हींसाठी ‘याङ्’ हा एकच शब्द आहे. विद्यार्थी समजतो की मलयने हा भेद सोडून दिला आहे, पण भेद नाहीसा झालेला नसून क्रियापदात गेला आहे. प्रमाण मलयचा नियम असा की, ‘याङ्’च्या आधीचे नाम त्या उपवाक्याचे उद्देश्य असले पाहिजे. ‘पुस्तक वाचणारा विद्यार्थी’ म्हणायचे असेल तर ‘पलाजार याङ् मम्बाचा बुकू’ हे बरोबर आहे, कारण विद्यार्थी वाचतो. परंतु ‘मी वाचतो ते पुस्तक’ म्हणताना पुस्तक वाचत नाही, ते वाचले जाते, आणि म्हणून क्रियापदाचे कर्तरी रूप ‘मम्बाचा’ तेथे राहूच शकत नाही. ‘बुकू याङ् साया बाचा’ असे उपसर्गाविना लिहावे लागते. वाचणारा तृतीय पुरुषी असेल तर ‘बुकू याङ् दीबाचा ओलेह अली’, म्हणजे ‘अलीकडून वाचले जाणारे पुस्तक’, अशी रचना होते.

येथे तुमची मराठी तुमच्या कामी येईल. आपणही ‘पुस्तक वाचणारा मुलगा’ आणि ‘मुलाने वाचलेले पुस्तक’ असे म्हणतो. कोणत्या नामाविषयी बोलतो आहोत यानुसार आपले धातुसाधित बदलते. मराठी माणसाला ‘मी वाचणारे पुस्तक’ हे जसे ऐकवत नाही, तसेच ‘बुकू याङ् साया मम्बाचा’ हे मलय वाचकाला खटकते. फ्रेंच विद्यार्थ्याच्या कानाला असा आधार नसतो, म्हणून त्याला ते नियम म्हणून शिकवावे लागते, आणि एकदा नव्हे तर वर्षभर पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

याच रचनेतील आणखी दोन चुका जोडीने येतात. पहिली, ‘बुकू याङ् साया सुदाह बाचा’. उपसर्गविरहित रूपात सर्वनाम आणि धातू यांच्यामध्ये काहीही येऊ नये हा काटेकोर लेखनाचा संकेत आहे, त्यामुळे ‘बुकू याङ् सुदाह साया बाचा’ असेच लिहावे. फ्रेंचमध्ये ‘आधीच’ या अर्थाचा शब्द सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मधोमध बसतो, म्हणून विद्यार्थी तो तेथेच ठेवतो. दुसरी, ‘सुरात इतू दीतुलिस ओलेह साया’, म्हणजे ‘ते पत्र माझ्याकडून लिहिले गेले’. फ्रेंच कर्मणी प्रयोगात कोणत्याही पुरुषाचे सर्वनाम चालते, पण मलयमध्ये ‘दी’ उपसर्गाचा कर्मणी प्रयोग तृतीय पुरुषासाठीच राखलेला आहे. ‘मी’ आणि ‘तू’ असताना ‘सुरात इतू साया तुलिस’ असे होते. माझ्या मते हा एक भाग पक्का झाला की फ्रेंच माणसाच्या मलय लेखनाचा अर्धा परकेपणा जातो.

उपसर्गाच्या लेखनाविषयी येथेच सांगतो, कारण तोही क्रियापदाचाच भाग आहे. ‘म’ने सुरू होणाऱ्या कर्तरी उपसर्गातील अनुनासिक पुढील व्यंजनाप्रमाणे बदलते. ‘बाचा’पासून ‘मम्बाचा’, ‘दङार’पासून ‘मन्दङार’ आणि ‘गाली’पासून ‘मङ्गाली’ होते. पंख, पंच, पंत, पंप या शब्दांतील अनुस्वार कसा बदलतो हे शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. फ्रेंचलाही हे अगदीच अपरिचित नाही, कारण ‘अशक्य’ या अर्थाच्या त्यांच्या शब्दात ‘प’च्या आधी ‘एन’चा ‘एम’ होतो. अडचण पुढे येते: मलयमध्ये क, प, त आणि स ही व्यंजने अनुनासिकात विरघळून जातात. ‘तुलिस’चे ‘मनुलिस’, ‘पुकुल’चे ‘ममुकुल’, ‘किरा’चे ‘मङिरा’, ‘सापू’चे ‘मन्यापू’. फ्रेंच विद्यार्थी ‘मन्तुलिस’ आणि ‘मम्पुकुल’ लिहितो, कारण त्याच्या भाषेत अनुनासिक बदलले तरी पुढचे व्यंजन जागेवर राहते. शब्दकोश धातूप्रमाणे लावलेला असल्यामुळे ‘मनुलिस’ हा शब्द ‘त’खाली शोधावा लागतो, आणि मी विद्यार्थ्यांना मुद्दाम छापील कोश वापरायला लावतो, कारण पाने उलटताना धातू ओळखण्याची सवय लागते.

पहिल्या वाक्यातील ‘आदालाह’ हे फ्रेंच ‘असणे’ या क्रियापदाचे ओझे आहे. प्रमाण मलयमध्ये नामापूर्वी ‘इआलाह’ आणि विशेषणापूर्वी किंवा शब्दयोगी अव्ययापूर्वी ‘आदालाह’ असा भेद आहे, त्यामुळे ‘तो शिक्षक आहे’ यासाठी ‘दिआ आदालाह गुरू’ हे चूक आणि ‘दिआ इआलाह गुरू’ हे बरोबर. पण नेहमीच्या लेखनात नुसते ‘दिआ गुरू’ पुरते, आणि पुस्तकाविषयी ‘बुकू याङ् साया बाचा इतू मनारिक’ असे म्हटले की झाले. ‘आदालाह’ खोडायला सांगितले की विद्यार्थ्याला वाक्य उघडे वाटते. ती अस्वस्थता सहन करायला त्याला वेळ द्यावा.

याचेच भावंड म्हणजे ‘आदा’. फ्रेंच माणसाला भूक ‘असते’, वय ‘असते’, आणि ‘तीन दिवसांपूर्वी’ हेही त्याच्या भाषेत ‘तीन दिवस आहेत’ अशा रचनेने सांगतात. त्यातून ‘साया आदा लापार’ आणि ‘आदा तीगा हारी’ अशी वाक्ये येतात. मलयमध्ये ‘साया लापार’ आणि ‘तीगा हारी लालू’ एवढेच लागते. वयासाठी ‘उमुर साया दुआ पुलुह ताहुन’, म्हणजे ‘माझे वय वीस वर्षे’. तसेच ‘तीन वर्षांपासून येथे राहतो’ यासाठी ते ‘सजाक तीगा ताहुन’ लिहितात, कारण फ्रेंचमधील ‘पासून’चा शब्द कालबिंदू आणि कालावधी या दोहोंना चालतो. ‘सजाक’ला मात्र आरंभाचा बिंदू लागतो. ‘साया सुदाह तीगा ताहुन तिङ्गाल दी सिनी’ ही नैसर्गिक रचना.

दुसऱ्या वाक्यात दोन अगदी लहान फ्रेंच शब्द लपलेले आहेत. एक ‘आ’. फ्रेंचमध्ये ‘पॅरिसमध्ये आहे’ आणि ‘पॅरिसला जातो’ या दोहोंत हाच शब्द येतो, आणि स्थिती की गती हे क्रियापदावरून कळते. मलयमध्ये स्थितीसाठी ‘दी’ आणि गतीसाठी ‘क’ असे वेगळे शब्द आहेत, म्हणून ‘पर्गी दी रुमाह’ चूक आणि ‘पर्गी क रुमाह’ बरोबर. व्यक्तीकडे काही जात असेल तर ‘कपादा’ लागतो. दुसरा शब्द ‘द’, जो फ्रेंचमध्ये स्वामित्व, उगम, द्रव्य आणि तुलना या सगळ्यांचा भार वाहतो. विद्यार्थी त्याच्या जागी सरसकट ‘दारी’ ठेवतो. ‘मित्राचे घर’ यासाठी मलयला कोणताच शब्द नको असतो. ‘रुमाह कावान’ असे नाम नामापुढे ठेवले की संबंध सिद्ध होतो. ‘दारी’ स्थळ आणि काळ यांच्यासाठी आहे, तर व्यक्ती, तुलना आणि द्रव्य यांच्यासाठी प्रमाण मलेशियन लेखनात ‘दारीपादा’ वापरतात. ‘सुरात इबू’ म्हणजे आईचे पत्र आणि ‘सुरात दारीपादा इबू’ म्हणजे आईकडून आलेले पत्र. हा जोड विद्यार्थ्यांपुढे ठेवला की त्यांना फरक लगेच दिसतो. त्याच वाक्यातील ‘तलाह’ (क्रिया पूर्ण झाल्याचे सांगणारा शब्द) चूक नाही, पण ‘समालाम’ने काल झाल्याचे सांगितलेच आहे, तेव्हा ते अनावश्यक आहे. फ्रेंच भूतकाळात सहायक क्रियापद गाळता येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्यात ‘तलाह’ येते आणि मजकूर सरकारी अहवालासारखा जड होतो.

‘दी’ जोडून लिहावा की तोडून, या प्रश्नावर फ्रेंच विद्यार्थ्यांना फार दोष देऊ नये. शब्दयोगी अव्यय ‘दी’ तोडून (‘दी रुमाह’) आणि कर्मणी उपसर्ग ‘दी’ जोडून (‘दीबाचा’) लिहितात, परंतु मलेशियातील रस्त्यांवरच्या पाट्यांवर हा नियम वरचेवर मोडलेला दिसतो आणि विद्यार्थी तेच पाहून शिकतात. मराठी माणूस शिकू लागला तर त्याची चूक उलटी होण्याचा संभव अधिक, कारण आपण ‘घरात’, ‘घरावर’ जोडून लिहितो.

तिसऱ्या वाक्यातील ‘किता’ ही मराठी शिक्षकाला सर्वांत सहज समजावता येणारी चूक आहे. फ्रेंचमध्ये ‘नू’ हे एकच सर्वनाम आहे. मलयमध्ये ऐकणाऱ्याला धरून ‘किता’ आणि त्याला वगळून ‘कामी’. हे आपले ‘आपण’ आणि ‘आम्ही’. त्या विद्यार्थ्याने मावशींना कळवले आहे की ‘आपण फ्रान्सला परतलो आहोत’, आणि मावशी तर क्वालालंपूरमध्येच आहेत. एका विद्यार्थिनीने शेजाऱ्यांना ‘किता आकान बर्चुती क परांचिस’, म्हणजे ‘आपण सुटीला फ्रान्सला जाऊ’, असे लिहून पाठवले होते आणि त्या भल्या कुटुंबाने पासपोर्टची चौकशी सुरू केली होती. तुम्ही प्रत्येक ‘किता’पाशी विद्यार्थ्याला विचारा, ‘वाचणारा यात आहे का?’ मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

त्याच वाक्याचा उत्तरार्ध अधिक गंभीर आहे, कारण तेथे व्याकरण बरोबर असून अर्थ उलटा झाला आहे. फ्रेंचमध्ये आठवण येण्याची रचना ‘तू मला उणा पडतोस’ अशी आहे. ज्याची आठवण येते तो कर्ता. मलय ‘रिन्दू’मध्ये ज्याला आठवण येते तो कर्ता. परिणामी पत्रात लिहिले गेले की मावशींनाच त्याची आठवण येते. ‘साया रिन्दू आकान माक चिक’ असे हवे होते. ही चूक वाक्य पाहून पकडता येत नाही, लेखकाला काय म्हणायचे होते ते विचारावे लागते. पण ‘माक चिक’ असे संबोधन त्याने वापरले, याचे मला फार कौतुक वाटले. बहुतेक फ्रेंच विद्यार्थी आपल्या ‘त्यू’ (तू) आणि ‘वू’ (तुम्ही) यांच्यासाठी दोन सर्वनामे शोधतात आणि वडीलधाऱ्यांना ‘कामू’ किंवा ‘आन्दा’ लिहून मोकळे होतात. मलय समाजात आपल्याकडच्या काका-मावशी-ताईंप्रमाणे पाक चिक, माक चिक, काकाक, आबाङ्, आणि औपचारिक पत्रात तुआन, पुआन, अन्चिक हेच सर्वनामाचे काम करतात. वयस्क व्यक्तीला ‘कामू’ लिहिलेले पत्र बाकी निर्दोष असले तरी मनाला लागते.

नामसमूहाच्या चुका लवकर सुटतात, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘इतू बुकू’ म्हणजे ‘ते पुस्तक आहे’ आणि ‘बुकू इतू’ म्हणजे ‘ते पुस्तक’; दर्शक नेहमी शेवटी. फ्रेंच विशेषण बहुधा नामानंतरच येते, त्यामुळे तेथे अडचण नसावी, पण मोठे, लहान, सुंदर, जुने अशी नित्याची विशेषणे फ्रेंचमध्ये नामाआधी येतात आणि नेमकी तीच मलयमध्ये उलटी पडतात: ‘रुमाह बसार’ (मोठे घर) ऐवजी ‘बसार रुमाह’. अनेकवचनासाठी द्विरुक्ती शिकल्यावर ते सगळीकडे द्विरुक्ती करतात, ‘तीगा बुकू-बुकू’ लिहितात. संख्या किंवा ‘बान्याक’ (पुष्कळ) आले की द्विरुक्ती नको. शिवाय द्विरुक्तीने शब्दच बदलतो हेही सांगावे, कारण ‘गुला’ म्हणजे साखर आणि ‘गुला-गुला’ म्हणजे गोळ्या, ‘माता’ म्हणजे डोळा आणि ‘माता-माता’ म्हणजे हेर. मोजताना माणसांना ‘ओराङ्’, प्राण्यांना ‘एकोर’, पुस्तकांना आणि घरांना ‘बुआह’, पत्राला ‘पुचुक’ असे वर्गवाचक शब्द लागतात. ते फ्रेंच माणूस गाळतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही ते गाळलेले दिसतात, पण सलग गद्यात त्यांचा आग्रह धरावा.

वर्णलेखनाच्या चुका डोळ्यांत भरतात, पण माझ्या दृष्टीने त्यांचे महत्त्व कमी आहे, एक अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे ‘ह’. फ्रेंचमध्ये ‘एच’ उच्चारला जात नाही, म्हणून तो लिहिण्यातून गळतो किंवा भलत्याच ठिकाणी येतो. ‘मुदाह’ म्हणजे सोपे आणि ‘मुदा’ म्हणजे तरुण. ‘मलय भाषा सोपी आहे’ असे लिहिताना मलय भाषा तरुण होते. ‘दाराह’ म्हणजे रक्त आणि ‘दारा’ म्हणजे कुमारिका. ‘तुआन’ म्हणजे महोदय, ‘तुहान’ म्हणजे परमेश्वर, आणि नको त्या ठिकाणी काळजीपूर्वक ‘ह’ घालणाऱ्या विद्यार्थ्याने कार्यालयीन पत्राची सुरुवात परमेश्वराला उद्देशून केलेली मी पाहिली आहे. याखेरीज ‘उ’साठी ‘ओ-यू’, ‘च’साठी ‘टी-सी-एच’ आणि ‘न्य’साठी ‘जी-एन’ ही फ्रेंच वळणे सुरुवातीच्या काही महिन्यांत दिसतात आणि आपोआप जातात. फ्रेंचमधील ‘ओरांग-उतान’ या प्राण्याच्या नावातच दोन वळणे टिकून आहेत: ‘हुतान’ (जंगल) मधला ‘ह’ नाही आणि ‘उ’ ‘ओ-यू’ने लिहिलेला आहे. मलय ‘पान्तुन’ हा काव्यप्रकारही फ्रेंचमध्ये गेला तो शेवटी ‘म’ घेऊन, आणि आजही तेथे तो तसाच लिहितात. विद्यार्थ्याने मलय मजकुरात असे शब्द फ्रेंच वळणाने लिहिले तर मूळ रूप शेजारी लिहून दाखवावे.

तपासणाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. अनेक फ्रेंच विद्यार्थी आधी इंडोनेशियन शिकून मलेशियात येतात. मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी १९७२ मध्ये रोमन लेखनपद्धती एकमेकींजवळ आणली, तरी मलेशियात ‘माहू’, ‘बाहावा’, ‘कराना’ असे लिहितात त्या ठिकाणी इंडोनेशियात ‘माऊ’, ‘बाह्वा’, ‘कारना’ असे लिहितात. तेव्हा ‘माऊ’मध्ये ‘ह’ नसणे ही फ्रेंच चूक असेलच असे नाही. ‘बिसा’ (तिकडे ‘शकणे’, इकडे ‘विष’) आणि ‘पर्चुमा’ (तिकडे ‘व्यर्थ’, इकडे ‘फुकट’) यांवर मात्र खूण करावीच. १९७२ पूर्वीची पुस्तके हाती आली असतील तर त्यांतील जुनी वळणे मिसळण्याचाही धोका असतो.

मोठ्या अक्षरांची एक चूक देवनागरीत लिहिणाऱ्या आपल्याला सहज निसटते. फ्रेंचमध्ये वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावे लहान अक्षराने लिहितात. मलयमध्ये ‘इस्निन’ (सोमवार), ‘जानुआरी’ आणि ‘बाहासा मलायू’मधील ‘मलायू’ मोठ्या अक्षरानेच सुरू होतात. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांच्या आधी फ्रेंचमध्ये सोडतात ती जागा मलयमध्ये नको, आणि मलेशियात दशांशासाठी स्वल्पविराम चालत नाही, टिंबच द्यावे लागते. रिंगिटमधील रक्कम लिहिताना ही शेवटची गोष्ट व्यवहाराची आहे.

आता क्रम. सगळ्या चुकांवर एकदम लाल खुणा करू नका. विद्यार्थी अक्षरे दुरुस्त करतो आणि वाक्य तसेच ठेवतो. पहिले तीन महिने फक्त ‘याङ्’ आणि क्रियापदाचे रूप पाहा. रोज पाच कर्तरी वाक्ये द्या आणि प्रत्येकातून दोन नामसमूह काढायला सांगा, एक कर्त्याचा आणि एक कर्माचा, म्हणजे ‘अली मम्बाचा बुकू’पासून ‘अली याङ् मम्बाचा बुकू’ आणि ‘बुकू याङ् दीबाचा ओलेह अली’. मग अलीच्या जागी ‘साया’ ठेवून कर्माचा समूह पुन्हा लिहून घ्या. त्यानंतर ‘दी’, ‘क’, ‘दारी’, ‘दारीपादा’ घ्या, आणि ‘किता’ व संबोधने पत्रलेखनातून शिकवा. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्याने तिसरे वाक्य लिहिले, त्याला ते पत्र मावशींना पुन्हा लिहू द्या: ‘कामी सुदाह बालिक क परांचिस. साया रिन्दू आकान माक चिक.’